उत्तरेच्या उजेडाला साक्षीदार एकच

“अरे बंद करा! बंद करा ते डबडं! साहेबांचं तोंड हिरवं पडलंय!”

पहिल्या रांगेतला कोणीतरी एवढं बोंबलला आणि अख्खा मंडप उभा राहिला. टेबलावरच्या रंगीत टीव्हीत साहेब नव्या लातूर जिल्ह्याच्या वाढदिवसाचं भाषण करत होते. डावा गाल हिरवागार, उजवा जांभळा, आणि नाकावर दोन्ही रंगांची कुस्ती चाललेली. खरेखुरे साहेब समोरच्या सोफ्यावर, सरबताचा गिलास हातात तसाच धरून, आपलं हे रूप बघत होते. मंडप माझा, सोफा माझा, भोंगे माझे. भर उन्हाळ्यात मला हुडहुडी भरली. तेवढ्यात मागून खुर्च्या ओलांडत, कोणाच्या मांडीवर पाय देत तू पुढं आलास, गौतमा, आणि त्या बोंबलणाऱ्याच्या वर आवाज चढवून ओरडलास:

“हात लावू नका! कोणीच हात लावू नका! हाच तो! हाच ध्रुवीय प्रकाश!”

तुला जाऊन अजून पंधरवडाही झाला नाही. काल तुझा जलदानविधी झाला. लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, आणखी काय काय प्रिय. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो आणि मला सारखं ते हिरवं तोंडच दिसत होतं. म्हणून हे लिहायला बसलो. तू वाचणार नाहीस हे एका परीनं बरंच आहे. वाचलं असतंस तर समासात लाल शाईनं ‘पुरावा?’ असं लिहून परत पाठवलं असतंस.

त्या दिवशी झालं होतं ते असं. टीव्ही आणि व्हिडिओ मी सोलापुराहून भाड्यानं आणला होता. त्याचा आवाज म्हणजे डास परवडला. माझा भोंगा औशात लागला की लातुरातल्या म्हशी दूध चोरायच्या, असल्या माणसाला हा मिणमिणता आवाज सोसतो का? (“कोणाची म्हैस?” हे तू आत्ता विचारलंस, ऐकू आलं मला.) मग मी माझ्याकडचा सगळ्यात दांडगा स्पीकर उचलला, वायर जोडली आणि टीव्हीला खेटून ठेवून दिला. त्या स्पीकरच्या पाठीत ज्वारीच्या भाकरीएवढं लोहचुंबक होतं. मंडपवाल्याला स्पीकर म्हणजे आवाज. त्याच्या पोटातलं चुंबक शेजारच्या साहेबांना रंगवून काढतं, हे त्याला कोणी सांगितलेलं असतं?

तू सांगितलंस. भर सभेत. स्पीकर उचलून लांब नेलास, साहेब जरा माणसात आले. पुन्हा जवळ आणलास, पुन्हा हिरवे. लांब, जवळ, लांब, जवळ. साहेबांच्या तोंडावरून तेवढ्यात तीन दिवाळ्या आणि एक रंगपंचमी गेली.

“बघा,” तू म्हणालास, “ह्या डब्याच्या मागल्या अंगाला नळी हाय. तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा मारा काचेवर होतो. काचेला आतून रंगाचे बारीक ठिपके हायत. मारा ज्या ठिपक्यावर, तो उजळतो. चुंबक आलं की माऱ्याची वाट वाकडी होते, भलताच ठिपका उजळतो. ध्रुवावर असंच हाय, फक्त काचेच्या जागी हवा. मारणारा सूर्य, वळवणारी पृथ्वी, आन् उजळणारी हवा.”

साहेब फार शांतपणे म्हणाले, “म्हणजे गुरुजी, माझं तोंड म्हणजे ध्रुव का?”

“तात्पुरतं, साहेब.”

मी मधे पडलो. म्हणालो, साहेब, परदेशात मोठ्या माणसाचं तोंड असंच दाखवायची रीत आहे, रंग जितके जास्त तितका मान मोठा. साहेबांना हे पटत आलं होतं. इमानानं सांगतो, त्यांनी मान हलवायला घेतली होती. आणि तू, माझा सख्खा मित्र, म्हणालास, “खोटं बोलून राहिला, साहेब. चुंबक त्याचंच हाय.”

पुढच्या वाढदिवसाचा मंडप दुसऱ्यानं टाकला. मी तुझ्याशी बोलणं सोडलं.

ते जास्त टिकलं नाही, कारण दुष्काळ होता आणि आपल्या दोघांच्या गल्लीला टँकर एकच होता. आता त्या दुष्काळाचं काय सांगू! टँकरच्या मागं चिमण्या चालत यायच्या, उडायची ताकद राहिली नव्हती. विहिरीत घागर टाकली तर खालून घागरीलाच “पाणी हाय का?” असं विचारल्याचा आवाज यायचा. (हो, हो, वजा कर त्यातून काय करायचं ते.) जिल्हा नवाकोरा, पाट्या नव्या, जीपगाड्या नव्या, आणि नळाला मात्र तीच जुनी हवा. रांगेत मी पुढं, तू चार घागरी मागं. मी मान वळवायला तयार नाही. मग तू रांगेलाच शिकवायला लागलास. तुला काय, चार माणसं एका जागी उभी दिसली की तुझा तास सुरू.

लोह्याकडच्या एका खेड्यातून आलेला, तांड्यावर आणि वस्तीवर शिकवून औशाच्या शाळेत लागलेला, विज्ञानाचा मास्तर तू. बर्फ पाहिलं होतंस ते फक्त गारीगारवाल्याच्या पेटीत. तुला त्या पार उत्तरेच्या उजेडाचं वेड कुठून लागलं, हे मी कितीदा विचारलं. तू दर वेळी वेगळं काहीतरी सांगितलंस. बघ, थापा तूही मारायचास. फक्त एवढ्या एका बाबतीत.

त्या दिवशी रांगेत गंगामावशी होती. तिनं ऐकून घेतलं आणि घागर आपटून म्हणाली, “तिकडं आभाळात नक्षी काढतो आन् हिकडं नुसते चटके देतो व्हय रं तुझा सूर्य? लई तालेवार झाला!”

“मावशी, तो सगळीकडंच मारा करून राहिला. त्याच्यातून वारा सुटतो, वीज भरलेल्या कणांचा. तो थेट आपल्या अंगावर आला तर हवा-पाणी काही धड राहायचं न्हाई. पृथ्वीचं चुंबक त्याला बाजूनं काढून देतं.”

“मग आपल्याला कामून दिसत न्हाई ते नक्षीकाम?”

तू रांग सोडलीस. गल्लीतली विहीर आटलेली होती, तिचा दोर तिथंच पडलेला. तू त्याचं एक टोक विहिरीत सोडलंस आणि दुसरं लांब नेऊन गंगामावशीच्या हातात ताणून दिलंस. “चुंबकाच्या रेघा अशा असतात. ध्रुवावर त्या विहिरीतल्या दोरासारख्या सरळ खाली उतरतात. सूर्याकडचे कण ह्या दोरावरून घसरत हवेत येऊन पडतात आन् उजेड होतो. आपल्या औशात दोर आडवा हाय, दांडीवर धोतर वाळू घातल्यासारखा. आडव्या दोरावरून खाली कसं उतरणार कोणी?”

गंगामावशीनं दोराकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. भर उन्हात हात कपाळाशी धरून ती बराच वेळ वर बघत राहिली. “म्हंजे आत्ता, ह्या घडीला, आपल्या डोईवर दोर हायत?”

“हाव. आत्ता, ह्या घडीला.”

आणि गौतमा, सगळी रांग वर बघायला लागली. मीही. आभाळात ढगाचं पिल्लू नव्हतं. निळं, कोरडं, रिकामं, रोज ज्याला शिव्या द्यायचो ते आभाळ. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा असं वाटलं की ते रिकामं नाही. माझ्या मंडपाला असतात तसे ताण त्याला आहेत, आणि ते कोणीतरी फार घट्ट बांधलेत. मी मंडपाचा माणूस. दोर दिसला की मला कळतं कुठं ओढ आहे. टँकर आला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढं बोललो तर ते खोटं होईल. टँकर आला आणि घागरीला घागर लागली. पण तुझी घागर मी माझ्यापुढं घेतली, आणि आपलं बोलणं सुरू झालं.

बोलणं सुरू झालं म्हणजे भांडण सुरू झालं. मी काही दिवसांनी गावभर सांगितलं, की संध्याकाळी औशाच्या किल्ल्यावर उभा होतो आणि उत्तरेला आभाळ पेटलं. लाल, हिरवं, पिवळं. ध्रुवीय प्रकाश! औशात! मास्तर म्हणतो दिसत नाही, पण ज्याचे डोळे तेज त्याला दिसतो. गावानं मला दोन दिवस डोक्यावर घेतलं. तू सायकल काढलीस आणि चाळीस डिग्रीत लातूरला गेलास. संध्याकाळी परत आलास तो घामानं निथळत, आणि चावडीवर चार माणसांत म्हणालास:

“औशाच्या उत्तरेला लातूर हाय. लातुरात कलेक्टर कचेरीवर रोषणाई लावलीय, लाल, हिरवी, पिवळी. आभाळात धूळ हाय, धुळीवर उजेड पडतो. रोषणाईवाल्याला भेटून आलो.” मग माझ्याकडं बघून हळूच, “बल्ब याच्याकडूनच भाड्यानं नेलेत म्हणाला.”

तिथून तुझी ती खोड पडली. मी काहीही सांगितलं की तू दुसरा साक्षीदार धुंडाळायचास. मी म्हणालो, हदगावच्या बाजारात कोहळा पाहिला, आत माणूस बसेल एवढा. तू हदगावला पत्र टाकलंस! मी म्हणालो, माझ्या लग्नात घोडी तीनदा पळून गेली. तू माझ्या सासऱ्याला गाठलंस. (एकदाच गेली होती. पण ती परत आली नाही, हे त्यांनी तुला सांगितलं नाही.) तू मला कधी खोटारडा म्हणाला नाहीस. “तपासून बघतो,” एवढंच म्हणायचास. मला आधी राग यायचा. पुढं सवय झाली. त्याच्याही पुढं असं झालं, की तू तपासायला निघाला नाहीस तर मला गोष्ट जमली नाही असं वाटायचं.

आपली डोकी पिकली. तुझी बायको गेली, माझी गेली. तुझी लेक संघमित्रा, आपली मित्रा, शिकून शिकून पार नॉर्वेत पोचली. माशांच्या औषधांवर काम करते, असं तू सांगायचास आणि छाती पुढं काढायचास. ती राहते तिथं हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही आणि तुझा तो उजेड म्हणे घराच्या अंगणातून दिसतो. नशिबाची खोड बघ. तिनं दोघांची तिकिटं काढली, बाबा आणि काका. तू माकडटोपी घेतलीस. मी धपाट्यांचं पीठ दळून घेतलं. आणि तुझ्या किडन्यांनी हात वर केले.

डायलिसिस लागलं. एक दिवसाआड लातूर, चार-चार तास त्या खाटेवर. मी म्हणालो, माझंही तिकीट रद्द करतो. तू खाटेवरून डोळे वटारलेस.

“तू जाशील. मला साक्षीदार पाहिजे.”

“अरे, तुझी मित्रा हाय ना तिथं. फोटो पाठवते रोज.”

“फोटो खोटं बोलतो. कॅमेरा झाकण उघडं ठेवून उजेड साठवत बसतो, मग हिरवा जर्द दाखवतो. डोळ्याला साठवता येत न्हाई. मला डोळ्याला काय दिसतं ते पाहिजे.”

“मग तिच्या डोळ्याला विचार.”

“ती लेक हाय. खाटेवरच्या बापाला बरं वाटावं म्हणून चार रंग जास्त सांगेल. मला कळणार न्हाई किती जास्त. तू किती फेकतोस ते मला चांगलं ठाऊक हाय. ज्या काट्याची चूक ठाऊक असते तो काटा चालतो. तेवढं वजा केलं की खरं वजन निघतं.”

मराठवाड्यातला एक नंबरचा थापाड्या, त्याला साक्षीदार म्हणून पृथ्वीच्या टोकाला पाठवणारा विज्ञानाचा मास्तर तूच. मी हसलो. नर्स हसली. तू हसला नाहीस. तू हात धरलास माझा, सुई नसलेल्या हातानं, आणि म्हणालास, “नीट बघ. मला बाकी काही नको आता.”

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तिथल्या थंडीबद्दल मी पुष्कळ सांगू शकतो. बोललेला शब्द गोठून खाली पडायचा आणि घरी नेऊन तव्यावर टाकला की ऐकू यायचा. पण ते राहू दे. पहिले काही दिवस नुसते ढग. मित्रा रोज खिडकीतून बघायची आणि मान हलवायची. मी धपाटे भाजायचो. तू फोनवर विचारायचास, “काय?” मी म्हणायचो, “ढग.” तू म्हणायचास, “बरोबर हाय, ढगाच्या वर हाय ते, शंभर किलोमीटरच्या वर,” जणू ढग मीच आणले होते आणि तू मला माफ करत होतास.

मग एका दुपारी, आपल्याकडं मधली सुट्टी संपून पोरं वर्गात जातात आणि मास्तरांना जांभया येतात त्या वेळी, तिकडं गच्च अंधार होता आणि आभाळ मोकळं झालं. मित्रा मला घराच्या मागच्या उंचवट्यावर घेऊन गेली. खाली समुद्र काळा. बर्फ पायाखाली करकरत होतं.

आधी काहीच नव्हतं. मग एक धुरकट पट्टा. मी म्हणालो, “हे काय, कोणीतरी चूल पेटवली का?” मित्रा म्हणाली, “काका, हाच.” मला हसू आलं. ह्यासाठी मी दोन विमानं बदलली? राखेनं पुसल्यासारखा, आहे की नाही असा, करडा पट्टा. मनात म्हटलं, हे गौतमला कसं सांगू? ह्याच्यातून तो वजा काय करणार आणि उरणार काय?

आणि गोफण सुटली.

हा तुझाच शब्द. सूर्याचा वारा पृथ्वीच्या चुंबकाला मागल्या अंगाला ओढत नेतो, लांबच लांब शेपटासारखं ताणतो, ताणतो, आणि एका क्षणी ते तुटून पुन्हा जुळतं आणि कण उलटे आपल्याकडं भिरकावले जातात, ज्वारीच्या माळ्यावरच्या राखण्याच्या गोफणीसारखे. तू हे सांगायचास तेव्हा मी मान डोलवायचो. कळलं मला त्या उंचवट्यावर. तो करडा पट्टा एका कडेनं हिरवा झाला आणि पळत सुटला. ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पडदा उभा राहिला, त्याला चुण्या पडल्या, चुण्यांतून चुण्या धावायला लागल्या. पडद्याच्या अगदी खालच्या काठाला गुलाबी झाक आली आणि गेली. मग तो आमच्या डोक्यावर आला. गौतमा, मी सगळ्यात मोठ्या मंडपाच्या मधल्या खांबाखाली उभा राहून वर बघायचो ना, सगळं कापड एका टोकाला जाऊन मिळतं, तसं. सगळा उजेड वरच्या एका जागेतून खाली सांडत होता. आणि खांब नव्हता. एक खुंटी नाही, एक गाठ नाही, एक माणूस शिडीवर नाही. आणि ते हलत होतं.

आणि आवाज नव्हता.

हे मला अजून सोसत नाही. बारशाला पाळणा हलला तरी मी भोंगा लावलेला माणूस. एवढा मोठा कार्यक्रम मी जन्मात पाहिला नाही, आणि त्याला आवाजच नाही. मी कानावरची टोपी वर केली. मित्राला म्हणालो श्वास धर. तिनं धरला. काहीच नाही. बर्फ नाही, वारा नाही. आभाळभर एवढी धावपळ आणि ती सगळी मुक्यानं. मी गुडघ्यावर बसलो. मित्राला वाटलं काकांना चक्कर आली.

आणि पार वर, पडद्याच्याही वर, एक तांबूस डाग. नजर रोखली की नाहीसा व्हायचा, बाजूला बघितलं की असायचा. तू सांगितलेलं आठवलं. हिरवा घाईचा, हवेतला कण मार खाल्ला की एका सेकंदात उजळून मोकळा होतो. तांबड्याला उजळायला वेळ लागतो, दीड-दोन मिनिटं. खाली हवेची गर्दी, तेवढ्यात कोणीतरी येऊन धक्का मारतं आणि त्याचा उजेड तसाच जिरून जातो. म्हणून तो पार वरच, जिथं शेजारी कोणी नाही तिथंच. मी त्या डागाकडं तिरप्या डोळ्यानं बघत राहिलो, तुझ्यासाठी, थंडीनं पापण्या चिकटेपर्यंत. (हे खरं आहे. पापण्या चिकटतात.)

परतीच्या विमानात मला घोर लागला. जे पाहिलं ते तसंच्या तसं सांगितलं तर तू सवयीनं त्यातून वजा करणार. मग तुझ्या हाती खऱ्याच्या अर्धं लागणार. म्हणजे मी दुप्पट सांगायला पाहिजे, की वजा होऊन बरोबर उरेल. पण दुप्पट सांगू काय? आयुष्यभर मी छोट्या गोष्टीत हवा भरली. ह्याच्यात भरायला जागा कुठं होती? रंग वाढवू? उंची वाढवू? फार तर आवाज घालता आला असता. कडाडला, गरजला, म्हणता आलं असतं. आणि आवाज नव्हता, तेच तर सगळ्यात मोठं होतं. मी पाच समुद्रांवरून हिशेब करत आलो आणि माझा हिशेब जुळला नाही.

लातूरला थेट डायलिसिसच्या खोलीत आलो, टोपीसकट. तू किती वाळला होतास. तू म्हणालास, “सांग.”

मी सांगितलं. एवढं थोडं मी कधीच बोललो नसेन. मधेच तू एकेक विचारत गेलास.

“आधी रंग होता?”

“न्हाई. राखेसारखा.”

“खालचा काठ?”

“गुलाबी. क्षणभर.”

“आवाज?”

“न्हाई.”

“काहीच न्हाई? बारीक, तडतडल्यासारखा? काही लोक म्हणतात येतो.”

“मला न्हाई आला. मी ऐकत होतो, गौतमा. मी टोपी वर करून ऐकलं.”

मशीन घरघरत होतं. मग फार हळू, “तांबडा?”

“वर. पार वर. होता की न्हाई असा. सरळ बघितलं की जायचा.”

तू डोळे मिटलेस. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “ह्यातून काही वजा करू नको. पाया पडतो तुझ्या. आजच्या दिवस वजा करू नको.”

तू म्हणालास, “बरं.”

नुसतं बरं. ‘तपासून बघतो’ म्हणाला नाहीस, ‘खरंय’ही म्हणाला नाहीस. तोंड खिडकीकडं वळवलंस. बाहेर भर दुपार होती, हिवाळ्यातलं आपलं निळं, रिकामं आभाळ, आणि तू त्याच्याकडं बघत होतास. मला वाटलं पुढच्या खेपेला बोलू, तेव्हा भांडू, तेव्हा मी तुझ्याकडून वदवून घेईन. पुढच्या खेपेला तू नव्हतास.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. लोक मला सावरायला येतात, मी त्यांच्याशी कोहळ्याच्या आणि घोडीच्या गोष्टी करतो, आत एकच चाललेलं असतं. तुला ते पोचलं का? तुझ्या डोळ्यांसमोर तो पडदा माझ्या मापाचा उभा राहिला, की तू त्याला कापून-छाटून लातूरच्या रोषणाईएवढा केलास? तू माझ्याकडून आयुष्यात एकच गोष्ट मागितलीस, आणि ती द्यायला मी नेमका असा निघालो की ज्याच्यावर भरवसा ठेवायला तुला एकही कारण मी कधी दिलं नव्हतं.

काल विधीला मित्रा आली होती. भन्ते बोलले, पंचशील झालं. मंडप मीच टाकला होता, पांढरा. एकजण कानाशी येऊन म्हणाला, “दिगंबरशेठ, भोंगा कुठंय? मागं ऐकू यायचं न्हाई.” मी म्हणालो, मागच्यांनी पुढं या.

जेवणं झाल्यावर मित्रा खुर्च्या गोळा करायला लागली, मी तिला थांबवलं. मी इकडं परत आलो आणि तू गेलास, ह्याच्या मधले ते दिवस. तू तिच्याशी रोज बोलायचास, मला माहीत होतं. तीच तर तिथं माझ्या शेजारी उभी होती. दुसरा साक्षीदार तुझ्या हाताशी, एका फोनवर. मी विचारलं, “मित्रा, बाबानं तुला त्या दिवशीचं विचारलं असेल ना? काका खरं बोलतोय का म्हणून? काय सांगितलंस तू त्याला?”

ती हातातल्या खुर्च्या एकात एक बसवत होती. बसवून झाल्यावर म्हणाली, “नाही काका. त्यांनी काही विचारलंच नाही.”